राजाच्या हाती गळ

शरद ऋतू आला की मराठी माणसाला घरात बसवत नाही. पावसाळ्याचे चार महिने त्याला घराशी जखडून ठेवतात. ओढे दुथडी भरतात, काळी माती चिखलते, गाडीचे चाक एकदा रुतले की बैलाचा ऊर फुटेपर्यंत निघत नाही. मग एके दिवशी पहाटे दक्षिणेला अगस्तीचा तारा दिसतो. त्याच्या उदयाबरोबर नद्यांचे गढूळ पाणी निवळते अशी आपल्या पूर्वजांची समजूत. वाटा वाळतात, आभाळ धुतल्यासारखे होते आणि दसरा येतो. सीमोल्लंघन हा शब्द आता आपट्याच्या चार पानांपुरता उरला आहे. पण एके काळी राजे, सैनिक, व्यापारी आणि यात्रेकरू याच दिवसांत खरोखरीच वेस ओलांडीत.

राजे या दिवसांत लढाईला निघत, हे आपण शाळेत शिकलो. परंतु आपल्याच मुलखावर राज्य करणाऱ्या एका राजाने, शरदातल्या नदीवर आणखी काय करता येते तेही लिहून ठेवले आहे. काठी कशी घ्यावी, दोरी कशी असावी, गळाला आमिष कोणते लावावे, आणि मासा लागल्यावर काय करावे! शिलालेखात प्रतापचक्रवर्ती म्हणून मिरवणाऱ्या घराण्यातला राजा मासे पकडण्याची विद्या शिकवतो, ही गोष्ट ऐकल्यावर प्रथम हसू येते. मग कुतूहल वाटते. आणि अखेरीस, निदान आमच्यासारख्या मांजरा-गोदेच्या काठच्या माणसाला, थोडी हुरहूरही लागते. ती का, हेच या लेखात सांगायचे आहे.

या राजाचे नाव तिसरा सोमेश्वर. बिरुद भूलोकमल्ल. कल्याणीच्या चालुक्यांपैकी सर्वांत प्रतापी जो सहावा विक्रमादित्य, त्याचा हा मुलगा. बापाने 1076 पासून 1126 पर्यंत, म्हणजे चांगली पन्नास वर्षे राज्य केले. त्याच्या दरबारात काश्मीरहून आलेला बिल्हण कवी होता आणि त्याच्याच कल्याणीत विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' लिहिली. हिंदू वारसाहक्काचा कायदा पुढे आठशे वर्षे ज्या ग्रंथावर उभा राहिला तो हा ग्रंथ. अशा बापाच्या पोटी आलेल्या मुलाच्या वाट्याला तयार राज्य आले. 1126 ते 1138 अशी जेमतेम बारा वर्षे तो गादीवर होता. त्याच्या काळात दक्षिणेकडे होयसळ डोके वर काढू लागले. तलवारीच्या बाबतीत इतिहासाने त्याला फारसे गुण दिलेले नाहीत. पण त्याला 'सर्वज्ञ' म्हणत, आणि ते बिरुद मात्र त्याने लेखणीने मिळवले.

कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. ते कर्नाटकात, बीदर जिल्ह्यात आहे. त्यामुळे ते कुठेतरी दूर, परमुलखात असल्यासारखे आपल्याला वाटते. वास्तविक निलंग्याहून ही तासा-दीडतासाची वाट आहे. निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तालुके 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यातच होते. त्या वर्षी हैदराबाद राज्याचे तुकडे झाले तेव्हा रेघ मधून गेली. रेघ नकाशावर गेली. मांजरा मात्र अजून रेघेची पर्वा न करता इकडून तिकडे आणि तिकडून पुन्हा इकडे वाहते. लातूर, नांदेड हा सगळा चालुक्यांच्या राज्याचा गाभा होता. देगलूर तालुक्यातील होट्टलचे सिद्धेश्वराचे मंदिर, तिथले कोरीव लेख, ही त्याचीच साक्ष. त्याआधीचे राष्ट्रकूट तर स्वतःला 'लट्टलूर'चे अधिपती म्हणवून घेत, आणि ते लट्टलूर म्हणजे आपले लातूर असे विद्वान मानतात.

या सोमेश्वराने संस्कृतात जो ग्रंथ रचला त्याचे नाव 'मानसोल्लास'. 'अभिलषितार्थचिंतामणी' असेही त्याचे दुसरे नाव आहे. ग्रंथ सिद्ध झाला तो 1129 ते 1131च्या सुमारास. पाच भाग, प्रत्येकात वीस प्रकरणे, एकंदर शंभर. राज्य कसे मिळवावे इथपासून सुरुवात होते. पुढे ते टिकवावे कसे, भोगावे कसे, मन रमवावे कसे आणि खेळावे कसे! हत्तींची परीक्षा, रत्नांची पारख, चित्रकला, संगीत, कुत्री, ससाणे, स्वयंपाक, सगळे त्यात आहे. आपल्या घरच्या मांड्यांचा पूर्वज 'मंडक' या पुस्तकात सापडतो आणि इडली-डोशांचे पणजोबाही भेटतात. ज्यांना आज सकाळीच चकली तळताना चटका बसला असेल त्या गृहिणींना हे वाचून बरे वाटेल की राजालाही तळणीत रस होता. माशाचे तुकडे चिंचेच्या पाण्यात शिजवावेत, त्यांना गव्हाचे पीठ लावून तेलात तांबूस तळावेत, असा एक प्रकार त्याने दिला आहे. त्यात मिरची नाही. मिरची यायला अजून चारशे वर्षे अवकाश होता.

आणि आपल्या अभिमानाची आणखी एक गोष्ट. या संस्कृत ग्रंथाच्या संगीत-प्रकरणात निरनिराळ्या देशभाषांतील गीतांचे नमुने आहेत. त्यांत मराठीही आहे. ज्ञानेश्वरीच्या दीडशे वर्षे आधीची ही मराठी! तिचा विषय विष्णूचे अवतार, आणि त्यांतला पहिला अवतार मत्स्याचा. म्हणजे आपली भाषा ज्या अगदी जुन्या पानांवर प्रथम दिसते, त्या पानांतून मासा पोहत गेलेला आहे.

आता मूळ विषयाकडे येऊ. मन रमवण्याच्या वीस प्रकारांत एक आहे 'मत्स्यविनोद'. विनोद म्हणजे येथे थट्टा नव्हे, विरंगुळा. या प्रकरणात सुमारे 35 जातींचे मासे आले आहेत. राजा त्यांची वर्गवारी लावतो. समुद्रातले कोणते आणि नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते आणि नुसत्या कातडीचे कोणते, मोठे, मध्यम आणि लहान कोणते. कोणता मासा कुठल्या पाण्यात राहतो आणि त्याला काय खायला घालावे, हे तो सांगतो. होय, आधी खायला घालावे! नदीतल्या ठरावीक जागी चारा टाकून मासे पोसावेत, आणि मग गळ टाकावा. काठी, दोरी, गळ आणि आमिष यांचे वर्णन झाल्यावर मासा ओढण्याची कृती येते.

हे प्रकरण शेकडो वर्षे पोथीत झोपून होते. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी संपादून या ग्रंथाचा पहिला खंड 1925 साली काढला, आणि पुढचे खंड सावकाश निघत गेले. 1951 साली सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने या प्रकरणावर निबंध लिहिला. होरा हे भारतीय प्राणिसर्वेक्षण खात्याचे संचालक. ज्याचे सगळे आयुष्य माशांच्या शास्त्रात गेले, अशा माणसाने आठशे वर्षांपूर्वीच्या राजाचे लिखाण गंभीरपणे वाचावे, यातच त्या लिखाणाची योग्यता आली.

साहेबाच्या देशात गळाच्या मासेमारीला मोठी प्रतिष्ठा आहे. त्यांच्या भाषेतले या विषयावरचे पहिले छापील पुस्तक 1496 साली वेस्टमिन्स्टरला निघाले. ते एका जोगिणीने लिहिले अशी आख्यायिका आहे. आयझॅक वॉल्टनचे गाजलेले पुस्तक 1653चे. सोमेश्वराचा ग्रंथ त्या पहिल्या पुस्तकाहून साडेतीनशे वर्षांनी वडील. पण म्हणून छाती फुगवून 'जगात पहिले आम्हीच' असे म्हणण्यात अर्थ नाही. सोमेश्वराच्याही नऊशे वर्षे आधी ईलियन नावाच्या रोमी लेखकाने मॅसिडोनियातल्या कोळ्यांची एक युक्ती लिहून ठेवली आहे. ते लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळीत, तिला कोंबड्याची दोन पिसे बांधीत. पाण्यावर ती खरोखरीची माशी वाटे आणि मासा फसे. थंड देशांतल्या वाहत्या नद्यांत मासे पाण्यावर उडणारे कीटक टिपायला वर येतात. तिथे ही खोटी माशी चालते. तिचा छंद साहेबाने इतका वाढवला की त्याच्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ट्राउट माशांची अंडी स्कॉटलंडहून काश्मीरपर्यंत आणवली. आमच्या सोमेश्वराची रीत निराळी. त्याचा गळही फसवाच, पण त्याच्या टोकाला खरे खाद्य. पाहुण्याला आधी जेवू घालायचे आणि मग पकडायचे, हा खास देशी प्रकार!

हे सारे पुस्तकात वाचून समाधान झाले नाही. गेल्या शरदात, दिवाळीच्या सुटीत, आम्ही चार मित्र या राजाच्या मुलखात हिंडून आलो. एक वैद्य, एक पोस्टातून निवृत्त झालेले, एक शेतकरी आणि मी मास्तर. वाहन म्हणजे शेतकरी मित्राचा जुना टेंपो. त्यात दोन फळ्या टाकून निजायची सोय केलेली, मागे शेगडी, पाण्याचा पिंप आणि पिठाचा डबा. परदेशात असल्या फिरत्या घरांना स्वयंपाकघर नि न्हाणीघरसुद्धा असते म्हणतात. आमच्या घराला छप्पर होते, एवढे पुरे. खुद्द सोमेश्वराचे राजेसुद्धा तंबू, हत्ती आणि आचारी घेऊन असेच फिरत असतील. फरक एवढाच की त्यांच्या भाकरी थापायला माणसे होती. आमच्या वैद्यबुवांनी थापल्या.

नांदेडहून निघून कंधारला गेलो. राष्ट्रकूटांचा जगत्तुंग सागर पाहिला. राजाने तळे बांधावे आणि त्याला आपल्या बिरुदाचे नाव द्यावे, ही रीत जुनीच. पण नाव टिकले ते पाण्यामुळे. होट्टलला सिद्धेश्वराच्या भिंतीवरच्या सुरसुंदरी पाहताना संध्याकाळ झाली. उदगीरच्या किल्ल्यावर सदाशिवरावभाऊंची आठवण निघाली. 1760च्या आरंभी इथे निजामावर जय मिळाला आणि वर्षभरातच पानिपत झाले. मग निलंग्याचा नीळकंठेश्वर, आणि तिथून औरादच्या बाजूला, जिथे तेरणा मांजरेला मिळते त्या टापूत, नदीकाठी मुक्काम केला. दोन्ही अंगांना सोयाबीन काढून मोकळी झालेली राने आणि मध्ये नदी.

पोस्टातल्या मित्राच्या मुलाने परदेशातून त्या लोकरी माशीचे सामान धाडले होते. लवचीक काठी, जाड दोरी आणि डबीत रंगीत पिसांच्या बारीक माश्या. या माशीला वजन असे नसतेच, वजन दोरीचे. म्हणून चाबकासारखी दोरी डोक्यावरून मागेपुढे झुलवत ती पाण्यावर अलगद ठेवायची. मित्र तासभर चाबूक ओढीत होता. काठावर एक म्हातारे भोई जाळे निवडत बसले होते. आम्ही त्यांना मामा म्हणू लागलो. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाले,

"काय करायलाव, साहेब? माश्याला माशी दावायलाव व्हय?"

आम्ही हसलो. मग मी त्यांना गळ टाकण्याची त्यांची रीत विचारली.

"मासं लई शाणं असतंय, गुर्जी," मामा म्हणाले. "एका जाग्याला चार दिस कणीक टाकावी. त्येला वळण लागतंय. मग गळ टाकावा. भुकेला मासा भितंय, सवकलेलं भीत न्हाई."

मी चमकलो. हा तर 'मत्स्यविनोद'! आधी चारा आणि मग गळ. मामांना अक्षरओळख नव्हती; संस्कृत तर दूरच. त्यांनी टोपली पालथी केली आणि मासे निवडू लागले. बोलता बोलता त्यांचे दोन ढीग झाले. एकीकडे खवल्यांचे, दुसरीकडे गुळगुळीत अंगाचे. मी विचारले, असे का? त्यांना प्रश्नच चमत्कारिक वाटला. म्हणाले, "खवल्याचं निराळं, बिनखवल्याचं निराळं. भावबी निराळा, चवबी निराळी." चालुक्य राजाने ग्रंथात केलेले दोन वर्ग मांजरेच्या वाळूवर माझ्यापुढे पडले होते.

मामांनी त्या संध्याकाळी पुष्कळ सांगितले. मरळ अधूनमधून वर येऊन हवा घेते, म्हणून ती कुठे आहे ते बुडबुड्यावरून कळते. तिची पिले लहान असताना आईबाप त्यांची राखण करतात. त्या दिवसांत तिला धरू नये. वाम दगडाच्या कपारीत राहते आणि रात्री निघते. पावसाळ्यात पाणी चढले की मासा अंडी घालायला वर धावतो, आणि शरदात पाणी उतरू लागले की डोहात परततो. म्हणून शरदात डोह धरावा. एवढे सगळे सांगून ते म्हणाले, "ह्ये काय इद्या हाय व्हय? ह्ये तर समद्यायलाच ठावं हाय."

नाही, मामा, सर्वांना ठाऊक नाही. ही विद्याच आहे. आणि माझ्या मनात आले, सोमेश्वराला ती कोणी सांगितली असेल? महालात वाढलेल्या राजपुत्राला मासा कुठल्या पाण्यात राहतो, तो काय खातो आणि कसा सवकतो, हे आपोआप कळत नाही. कल्याणीच्या एखाद्या तळ्यावर किंवा मांजरेच्या काठावर कोणीतरी मामा बसले असले पाहिजेत. राजाने विचारले असेल, त्यांनी सांगितले असेल. पंडितांनी अनुष्टुभात बसवले. ग्रंथावर नाव राजाचे आले. राजाचा मोठेपणा असा की त्याने हे ज्ञान लिहिण्याजोगे मानले. हातात राजदंड असताना गळाची काठी त्याला हलकी वाटली नाही, हे थोडे नव्हे. परंतु सांगणाऱ्याचे नाव पुसले गेले ते गेलेच.

पुसले गेले असे म्हणतो, तोच कल्याणी आपल्याला दुसरे उत्तर देते. सोमेश्वरानंतर पंचवीस वर्षांत चालुक्यांची गादी डळमळली आणि कलचुरी बिज्जळ कल्याणीचा स्वामी झाला. त्याच नगरात महात्मा बसवेश्वरांनी शरणांची मांदियाळी उभी केली. तिच्यात चांभार होते, परीट होते, गुराखी होते, आणि अंबिगर चौडय्या नावाचा एक नावाडी होता. अंबिगर म्हणजेच नाव वल्हवणारा. त्याने कन्नडात वचने रचली, आणि ती तिखट आहेत. त्याने आपला धंदा नावातून पुसला नाही, उलट प्रत्येक वचनाखाली मुद्रा म्हणून तो मिरवला. एक पिढी आधी ज्या नगरात नदीची विद्या राजाच्या तोंडून बोलली, त्याच नगराच्या आवारात नदीवरचा माणूस स्वतःच्या तोंडाने बोलू लागला. इतिहासाच्या पुस्तकात ही दोन पाने एकमेकांसमोर शिवलेली मी कुठे पाहिली नाहीत. पण ती एकाच वहीची पाने आहेत.

आता हुरहुरीची गोष्ट. मामांच्या दोन ढिगांच्या बाजूला एक तिसरा लहान ढीग होता. मी विचारले, हे कोणते? तुच्छतेने म्हणाले, "चिलापी. धरणातली." चिलापी आफ्रिकेची. आपल्या देशात ती 1952 साली आणली. आता तळ्यातळ्यांत तीच दिसते. मग मी एकेका माशाचे नाव विचारीत गेलो, आणि मामा कित्येकांना म्हणत गेले, "त्यो आता घावत न्हाई." बापाच्या वेळी होता, आपल्या लहानपणी होता, आता नाही.

याची कारणे शोधायला पंडित नको. गोदावरी समुद्राला मिळण्याआधीच 1852 साली धवळेश्वरमला सर आर्थर कॉटनने तिला बांध घातला. वामेची एक जात खाऱ्या पाण्यात जन्मते आणि तिची पिले शेकडो कोस नदीने वर चढतात. तिला त्या दिवशी पहिली भिंत लागली. मग मांजरेवर 1931 साली निजामसागर पुरा झाला. 1976 साली पैठणला जायकवाडी, पुढे धनेगावला मांजरा धरण, नांदेडला विष्णुपुरी. ही धरणे झाली नसती तर मराठवाड्याची तहान भागली नसती, हे मी विसरत नाही. ज्या लातुरात 2016च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, त्या लातूरच्या माणसाने धरणाला नावे ठेवणे बरे दिसणार नाही. दहा टाक्यांतून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी फलाटावर आली तेव्हा लोकांच्या डोळ्यांत पाणी होते. परंतु त्याच वर्षी मांजरेच्या डोहांत काय उरले असेल? माणसासाठी गाडी आली. डोहातल्या मरळीसाठी कोण येणार?

सोमेश्वराने पोसलेल्या माशांना डोह लागत होता, आणि डोहाला बारमाही धार लागत होती. धार तुटली की डोह आटतो, डोह आटला की मासा जातो, मासा गेला की त्याचे नाव जाते, आणि नाव गेल्यावर तो कधी होता हेही कोणाला सांगता येत नाही. राज्य जाणे सोपे असते. त्याची दगडी देवळे तरी मागे राहतात. माशाचे देऊळ कोण बांधतो? कोकणात महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहातल्या माशांना देवीचे मानून कोणी धरत नाही, म्हणून ते वाचले. असले भाग्य साऱ्या माशांचे नसते.

तेव्हा मराठवाड्यातल्या माझ्या शिक्षकबंधूंना मी दिवाळीची एक ओवाळणी मागतो. आपल्या वर्गात नदीकाठची मुले असतात. भोयांची असतात, कोळ्यांची असतात. त्यांना सुटीचा अभ्यास म्हणून नदीवरचा निबंध सांगू नका. आजोबांकडून माशांची नावे लिहून आणायला सांगा. कोणता खवल्याचा, कोणता बिनखवल्याचा. काय खातो, कुठल्या पाण्यात राहतो, कधी धरू नये. वही मोठी होणार नाही. पण जे काम आठशे नव्वद वर्षांपूर्वी एका राजाने संस्कृतात केले, ते नदीवरच्या मुलाच्या हातून मराठीत होईल. आणि या खेपेला वहीवर सांगणाऱ्याचे नाव असेल.